दिवाणजींच्या नावावर ३१ मिस्ड कॉल

जुलैत दोन दिवस रहिमतपूरला गेलो होतो. काकांचं तिथं कृषी सेवा केंद्र आहे. पावसाळ्यात आल्याला कंदकूज लागायला लागली की फोन थांबत नाही. माणसं तीन आणि नंबर एक, त्यामुळे कायम एंगेज. शनिवार होता, हात शिवशिवत होते. म्हटलं, ॲस्टेरिस्क टाकून देतो. (स्वतःच्या कंपनीसाठी टेलिफोन एक्सचेंज परवडेना म्हणून मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये लिहिलेलं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. काका खूश!)

नंबर तोच ठेवला, एका वेळी चार कॉल येतील अशी लाईन घेतली, तिघांसमोर तीन फोन. आता प्रश्न एवढाच की आलेला कॉल कुणाकडे पाठवायचा? सेटिंगमध्ये बरेच पर्याय असतात. मी 'फ्यूएस्ट कॉल्स' निवडला, म्हणजे ज्याने आतापर्यंत सगळ्यात कमी कॉल घेतले त्याच्याकडे पुढचा. न्याय्य वाटलं. रोजचा रिपोर्ट दादाच्या, म्हणजे चुलतभावाच्या मेलवर लावला आणि रविवारी मिरज लाईनची गाडी पकडून पुण्याला परत.

मंगळवारी दादाचा फोन. "बघ, मी म्हणत होतो ना? पोरांनी काल ७५ आणि ७८ कॉल घेतले. दिवाणजींनी ४०. वर ३१ उचललेच नाहीत. त्यांना आता झेपत नाही रे. दिवाळीनंतर सांगून टाकतो."

दिवाणजी मी शाळेत असल्यापासून त्या गल्ल्याशेजारी बसतात. मला चैन पडेना. लॉगिन करून रांगेची लॉग फाईल उघडली. ॲस्टेरिस्क त्यात प्रत्येक कॉल किती सेकंद चालला तेही लिहितो. रिपोर्टमध्ये ते मीच घेतलं नव्हतं. पोरांचा कॉल सरासरी दोन मिनिटांचा: भाव काय, माल आहे का, ठेवा. दिवाणजींचा नऊ मिनिटांचा. सरीत पाणी साचतंय का, बेणं कुठलं, मागच्या वर्षी त्या वावरात काय होतं... म्हणजे पोरं अडीच-अडीच तास बोलली आणि दिवाणजी सहा तास!

आणि माझ्या सेटिंगची गंमत बघा. त्यांचा आकडा कायम कमी, म्हणून त्यांनी फोन ठेवला रे ठेवला की पुढचा कॉल त्यांनाच. दोन कॉलच्या मधल्या उसंतीचं एक सेटिंग असतं, 'रॅपअप टाईम'. डिफॉल्ट शून्य. मी हात लावला नव्हता. ते वहीत उधारी लिहित असताना फोन वाजायचा, पंधरा सेकंदांनी पोरांकडे जायचा आणि 'उचलला नाही' अशी नोंद त्यांच्या नावावर.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने १९१७ मध्येच या सगळ्याचं गणित मांडलं होतं. त्याच्या नावाचं एकक कॉलची संख्या मोजत नाही, लाईन किती वेळ गुंतली ते मोजतं. इंजिनिअरिंगला हे शिकून, परीक्षेत मार्कही मिळवले होते मी. असो.

रात्रीच बदललं. आता ज्याला शेवटचा कॉल येऊन सगळ्यात जास्त वेळ झालाय, त्याच्याकडे पुढचा. उसंत दोन मिनिटं. रिपोर्टात मिनिटांचा रकाना. मग दादाला फोन लावून चूक कुणाची ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोरांनापण जरा जास्त बोलायला सांगू काय?"

गणपतीत गेलो तेव्हा दिवाणजी जागेवरच होते. यातलं काही त्यांना माहीत नाही. म्हणाले, "काय विंजिनेर, तुमचा फोन आता जरा दमानं वाजतोय."