सहाव्या कोर्टाचा गुण

अमेरिकेत कॉलेज टेनिसचा कोच आहे असं पुण्यात कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग, कोणाला घडवलंत?" प्रश्नात वावगं काही नाही. आपल्याकडे गुरूची पत त्याच्या सर्वांत नामवंत शिष्यावरून ठरते. आमच्या धंद्यात मात्र ती सहाव्या नंबरच्या खेळाडूवर ठरते.

दोन कॉलेजांच्या लढतीत सात गुण असतात. आधी दुहेरीचे तीन सामने. त्यांतले दोन जिंकणाऱ्याला मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकी एक गुण. चार गुण झाले की लढत जिंकली. पहिल्या कोर्टावरचा उद्याचा व्यावसायिक खेळाडू जिंकला तरी एक, आणि परवाच्या अकाउंटन्सीच्या पेपरची धास्ती घेऊन सहाव्या कोर्टावर उतरलेला पोरगा जिंकला तरी एकच. खेळाडूंचा क्रम ताकदीनुसारच लावावा लागतो. चांगल्याला मुद्दाम खाली लपवता येत नाही. शिवाय ड्यूसला अ‍ॅडव्हान्टेज नसतो, पुढच्या एका पॉइंटवर गेम. कच्च्या मनाचा मुलगा तिथेच सापडतो.

सोमदेव देववर्मनचं उदाहरण घ्या. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं तो एनसीएए या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचा एकेरीचा विजेता होता. 2007च्या अंतिम सामन्यात त्याने जॉन इस्नरला हरवलं. तरी त्या दोन्ही वर्षी सांघिक विजेतेपद गेलं इस्नरच्या जॉर्जियाकडे. सोमदेवचे कोच ब्रायन बोलंड यांना पहिलं सांघिक विजेतेपद मिळालं ते 2013मध्ये, सोमदेव पदवी घेऊन गेल्यावर पाच वर्षांनी. तोवर बोलंड खालची कोर्टं भरत राहिले होते. 2017पर्यंत त्यांनी आणखी तीन जिंकली आणि मग कॉलेज सोडलं.

या पेशातले भीष्म म्हणजे स्टॅनफर्डचे डिक गोल्ड. 1966मध्ये रुजू झाले, पहिलं विजेतेपद 1973मध्ये. इतका धीर आज कुठलं विद्यापीठ धरेल, मला शंका आहे. 2004मध्ये थांबले तेव्हा नावावर 17 विजेतेपदं होती. लोक त्यांना जॉन मॅकेन्रोचे कोच म्हणून ओळखतात. पण मॅकेन्रो आला तोच विम्बल्डनची उपांत्य फेरी खेळून, आणि 1978चं विजेतेपद घेऊन एका वर्षात गेलाही. दुहेरीत गाजलेले ब्रायन जुळे भाऊ तिथे दोन वर्षं टिकले. दिग्गज असे पाहुण्यासारखे येऊन जात असताना संघ उभा ठेवणं, हीच गोल्ड यांची खरी विद्या.

बाकी आमचा दिवस फारसा रोमहर्षक नसतो. हंगामात आठवड्याला 20 तासच सराव घेता येतो, त्यामुळे प्रत्येक तासाचा हिशेब. उरलेला वेळ नव्या मुलांच्या शोधात, प्रवासाच्या आखणीत, प्राध्यापकांना पत्रं लिहिण्यात. सहायक कोच असाल तर व्हॅनही तुम्हीच चालवायची. गुणपत्रिका घसरली की मुलगा खेळण्यास अपात्र ठरतो, म्हणून फोरहँडइतकंच लक्ष अभ्यासावर. मला तर वाटतं, या नोकरीतला निम्मा भाग वसतिगृहाच्या रेक्टरचाच आहे.

महाराष्ट्रातली मुलं इथे येतात याचा आनंद आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. पण आपल्या मुलांना संघासाठी खेळायची सवय नसते. लहानपणापासून ती एकटी, आई नाहीतर बाबांबरोबर स्पर्धांना हिंडलेली. "मी जिंकलो, संघ हरला" यावर हसावं की रडावं, हे समजायलाच त्यांचं पहिलं वर्ष जातं.

म्हणून पालकांना एक विनंती. कोचला ईमेल मुलाला किंवा मुलीला स्वतः लिहू द्या. व्हिडिओत निवडक विनर्स नकोत. एक अख्खा सेट पाठवा, हरलेला असला तरी चालेल. दोन चुका झाल्यावर तिसरा पॉइंट पोरगं कसं खेळतं, आम्ही तेवढंच बघतो.