आधी घास, मग पाऊल

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई माझ्याकडे येते, तेव्हा तिचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "डॉक्टर, हा चालेल कधी?" दोन वर्षांच्या आत आधाराविना बसू लागलेली मुले बहुतेक चालतात, हे मी तिला सांगतो. पण त्याआधी विचारतो, "याला भरवता कसे?" तुम्हांला हा प्रश्न गौण वाटेल. मात्र वारंवार होणारा न्यूमोनिया आणि न वाढणारे वजन यांचे मूळ पुष्कळदा त्याच्याच उत्तरात सापडते.

मेंदूला झालेली मूळ इजा वाढत नाही. परंतु ती स्नायूंवरील ताबा हिरावून घेते, आणि गिळणे हेही स्नायूंचेच काम. म्हणून मुलाला आडवे निजवून, मान मागे टाकून कधीही भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. पाठीला आधार देऊन ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या. लहान घास द्या. तो गिळल्यावाचून दुसरा नको. पाण्यासारख्या पातळ पदार्थांपेक्षा दाटसर खिमट पुष्कळांना सोपे जाते. दर जेवणाला ठसका लागत असेल किंवा अर्ध्या तासाहून अधिक वेळ जात असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

भरवताना त्याच्याशी बोला. शब्द उच्चारता न येणे म्हणजे ते न कळणे नव्हे.

आणि हे भरवणे बाबांनी, आजीनेही शिकून घ्यावे. आईलाही एखादे जेवण गरम मिळायला हवे.