फेल

मे महिन्याच्या सुटीत इंग्लंडला जाऊन आम्ही दोघे एका ‘फेल रेस’मध्ये धावणार आहोत, हे स्टाफरूममध्ये कळले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाले, “म्हणजे निकाल आधीच जाहीर!” आम्हीही हसलो. पुढे तो निकाल अक्षरशः खरा ठरला. तरीही त्याविषयी लिहावेसे वाटले, म्हणून हे टिपण.

‘फेल’ हा उत्तर इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टचा शब्द. जुन्या नॉर्स भाषेतून तो तिकडच्या बोलीत आला. अर्थ डोंगर, त्यातही शेतांच्या दगडी बांधांपलीकडचा, मेंढ्यांना चरायला मोकळा सोडलेला उघडा माथा. ओढ्याला ‘बेक’ आणि डोंगरातल्या लहान तळ्याला ‘टार्न’ म्हणणारीही तीच बोली. या माथ्यांवरच्या शर्यतीत वाट सहसा आखून दिलेली नसते. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, पावसाळी कपडे आणि खाणे जवळ बाळगायचे, ठरलेल्या ठिकाणी हजेरी द्यायची. मधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा.

आम्ही निवडलेली शर्यत ‘ओल्ड काउंटी टॉप्स’. ग्रेट लँगडेल खोऱ्यातून निघून हेलवेलिन, स्कॉफेल पाइक आणि कॉनिस्टन ओल्ड मॅन ही तीन शिखरे करून तेथेच परतायचे. अंतर 37 मैल, म्हणजे साठेक किलोमीटर. एकूण चढाई सुमारे 10,000 फूट. ही शिखरे अनुक्रमे वेस्टमोरलंड, कंबरलंड आणि लँकेशायर या जुन्या परगण्यांची सर्वोच्च स्थाने. 1974 मध्ये फेररचना होऊन हा सारा मुलूख कंब्रियात गेला. 2023 मध्ये कंब्रियाचेही दोन भाग झाले आणि त्यांतली दोन नावे कारभारात परतली.

पण आमची निवड इतिहास-भूगोलामुळे झाली नव्हती. ही जोड्यांची शर्यत आहे. दोघांनी एकत्र निघायचे, एकत्र राहायचे, एकत्र पोहोचायचे. एकाने सोडली की दुसऱ्याचीही संपली. कात्रज ते सिंहगड ही वाट वर्षानुवर्षे बरोबरीने तुडवलेल्या आम्हांला ही अट सोपी वाटली. शिवाय स्कॉफेल पाइक हे इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर असले तरी त्याची उंची 978 मीटर, आणि आपला सिंहगड 1,300 मीटरांवर! पुणे शहरच मुळी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर आहे आणि तिकडच्या दऱ्या जेमतेम शंभर मीटरांवरून सुरू होतात, हे त्या हिशेबात आम्ही सोयीस्करपणे विसरलो होतो.

सुरुवातीलाच ग्रासमेअर गाव लागते. 1799 च्या डिसेंबरात वर्ड्‌स्वर्थ आपल्या बहिणीसह, डोरोथीसह, जेथे राहायला आला ते घर आम्ही आदल्या दिवशी पाहिले होते. केशवसुत शिकवताना पार्श्वभूमी म्हणून वर्ड्‌स्वर्थचे नाव आम्ही दोघांनीही अठरा-वीस वर्षे वर्गात घेतले आहे. डोरोथीचे नाव घेतल्याचे मात्र फारसे आठवत नाही. वास्तविक ऑक्टोबर 1818 मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ती मेरी बार्कर या मैत्रिणीबरोबर स्कॉफेल पाइक चढून गेली होती. त्या चढाईचे वर्णन तिने एका पत्रात लिहिले. वर्ड्‌स्वर्थने या प्रदेशाविषयी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या 1822 च्या आवृत्तीत तो मजकूर आला. लेखिकेचे नाव मात्र आले नाही. तिचे वय तेव्हा साधारण आमच्याएवढे होते, हे आमच्यापैकी एकीने चालता चालता बोलून दाखवले. दुसऱ्याने नुसते ‘हं’ म्हटले. तोवर हेलवेलिन मागे पडले होते आणि दलदलीच्या एका लांबलचक खोऱ्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

स्कॉफेल पाइकचा माथा म्हणजे निव्वळ शिळांचा ढीग. गवत नाही, माती नाही. धुके एवढे दाट की दहा पावलांपुढचे दिसेना. तेथून उतरताना, ओल्या दगडावर, आमच्यापैकी एकाचा गुडघा गेला. तो अर्थातच आमच्यातल्या डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे पीएच.डी.चे.

येथे थोडे घरातले सांगणे भाग आहे. एम.ए.नंतर आम्ही दोघांनी एकाच वर्षी पीएच.डी.ला नाव नोंदवले होते. तिचा विषय होता जात्यावरच्या ओव्या. चार वर्षे तिने खेडोपाडी फिरून त्या गोळा केल्या, कार्डांवर उतरवल्या. मग मूल झाले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि दोघांपैकी एकाने थांबायचे ठरले. कोणी थांबायचे यावर चर्चा झाल्याचे दोघांनाही आठवत नाही. एक प्रबंध पूर्ण झाला. त्याच्या ऋणनिर्देशात गुरुजन, ग्रंथपाल, टंकलेखक यांची नावानिशी नोंद आहे, आणि अगदी शेवटी ‘सौ.’चे आभार आहेत. नुसते ‘सौ.’. नाव नाही.

तो धुक्यात दगडावर बसून म्हणाला, “माझ्यामुळे तुझी शर्यत जाते आहे. तू जा पुढे.”

नियमाने ते शक्यच नव्हते. पण ती नियमाविषयी बोलली नाही. म्हणाली, “पुढे जायचे असते तर तेव्हाच गेले असते. ऊठ.”

‘तेव्हा’ म्हणजे केव्हा, हे विचारण्याची गरज नव्हती. खाली कॉकली बेकच्या पुलापर्यंतची वाट एरवी दीड तासाची. आम्हांला तिप्पट वेळ लागला. त्या वाटेवर आम्ही जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. एवढेच सांगतो, की त्यात भांडण होते, आणि ते पंधरा वर्षे उशिरा होत होते. संथ चालीच्या माणसाबरोबर चालणे म्हणजे त्याग, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याग म्हटले की हिशेब मिटतो. आभाराची एक ओळ पुरते. ती ओळ तिने कितीदा वाचली होती आणि दर वेळी तिला काय वाटले होते, हे तिने प्रथमच सांगितले. त्याने मधे बोलण्याचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, “आधी ऐकून घे.” त्याने ऐकून घेतले.

पुलाशी पोहोचलो तेव्हा वेळेची मर्यादा केव्हाच उलटून गेली होती. तिसरे शिखर समोर ढगात होते, आणि ते तेथेच राहिले. शर्यत सोडली तर तसे सांगून जाणे हा येथला सर्वांत कडक नियम. न सांगता निघून जाणे हा मोठा अपराध. कारण एक आकडा जुळला नाही, तर धुक्यात शोध घ्यायला माणसे निघतात. पावसात भिजलेल्या एका वृद्ध स्वयंसेवकाने आमचा क्रमांक विचारला, मग नावे विचारली. ती त्याला उच्चारता येईनात, तेव्हा तिने पुढे होऊन एकेक अक्षर सांगितले. त्याने ओलसर कागदावर आधी तिचे नाव लिहिले, त्याखाली त्याचे, आणि दोहोंसमोर निवृत्तीची खूण केली.

जूनमध्ये कॉलेज उघडले. सहकाऱ्यांनी निकाल विचारला. आम्ही तो सांगितला. त्याच आठवड्यात पोटमाळ्यावरची दोन खोकी खाली काढली. कार्डांच्या कडांना कसर लागली आहे, काही ओव्यांची शाई फिकटली आहे. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात गावाचे नाव आहे, आणि ओवी सांगणाऱ्या बाईचेही. प्रबंध होईल की नाही, हे आज सांगता येत नाही. सध्या रोज संध्याकाळी एक जण कार्डे वाचून दाखवतो आणि एक जण उतरवून घेते. गुडघा अजून दुखतो, त्यामुळे डॉक्टर जिने चढत नाहीत. वाचण्याचे काम त्यांच्याकडे आहे.