चौकाला सावली हवी

आमच्या सोनाळा गावात वैशाखातल्या दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी मला चंडीगडचं कॅपिटॉल संकुल आठवतं. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांनी तिथली विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय उघड्या काँक्रीटमध्ये उभारलं. गिलावा नाही, साच्याच्या फळ्यांचे ठसेही तसेच ठेवलेले. हा रांगडेपणा मला भावतो. ऊन अडवणारे खोल आडोसे तर आमच्या उन्हाळ्यालाही मानवतील. २०१६ मध्ये युनेस्कोने हे संकुल जागतिक वारसा ठरवलं.

खटकतं ते मधलं पटांगण. विधानसभा आणि न्यायालय यांच्यात चारशे मीटरहून लांब फरसबंदी, सावली नावालाच. १९९५ मध्ये सचिवालयाबाहेर पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची हत्या झाली. आज तिथे कडक पहारा असतो, पर्यटकाला मार्गदर्शकासोबतच फिरता येतं. लोकशाहीचं अंगण, पण लोकांना मुभा नाही!

याउलट उदाहरणही आहे. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला वास्तुकार ग्रोपियस यांच्याकडे शिकले. कानविंदे यांनी आखलेल्या कानपूर आयआयटीतही काँक्रीट आणि विटा उघड्याच आहेत, पण इमारतींना जोडणाऱ्या छताखालच्या वाटा आहेत. माणूस सावलीतून चालेल, थांबेल, बोलेल, हे तिथे गृहीत धरलंय.

म्हणून वाटतं, गावात सरकारी इमारत बांधताना भिंती हव्या तेवढ्या ओबडधोबड ठेवा. दारापुढे मात्र आधी कडुनिंब लावा, ओटा बांधा. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला टेकायला जागा मिळाली, तरच ती इमारत सार्वजनिक.