पाण्याचा हिशेब मांडणारे गाव

नगर शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गेलेली कुटुंबे परतू लागली.

शाळेतल्या मुलींना घेऊन आम्ही तिथे गेलो, तेव्हा त्या धरण शोधत होत्या. धरण नाहीच! डोंगरउतारावर एका पातळीत खणलेले चर, ओढ्यांवर लहान बंधारे आणि वाढलेली झाडी. हे सारे गावच्याच माती-दगडाचे आणि बरेचसे श्रमदानाचे.

पण चर पुष्कळ गावांत खणले गेले आणि बुजूनही गेले. हिवरे बाजारने सोबत नियम पाळले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही त्यांची पंचसूत्री. (नसबंदीबद्दल आपल्या घरांत वेगळे मत निघेल, तो विषय इथे नको.) गुरे डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी आणायचे. त्याने चारा वाढला, चाऱ्यामागे दूधही.

पावसाळा संपला की पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी पाहून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. आधी माणसे आणि जनावरे, मग शेती. पाऊस कमी तर पिकेही कमी पाण्याची. ऊस, केळी नाही. शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई आहे. विहीर मुख्यतः नुकतेच मुरलेले पाणी देते; खोल बोअर मागची साठवण उपसते आणि शेजाऱ्याचा झराही ओढते.

पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्वांचा वाटा आहे, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. या गावात मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्याच्यासाठी गावाने मस्जिद बांधून दिली आहे. नियम मात्र त्या कुटुंबालाही तेच, सरपंचालाही तेच.

आता आपले मोहल्ले पाहू. पाऊस हल्ली महिनाभर ओढ देतो आणि दोन दिवसांत सगळा कोसळतो. ते पाणी पत्र्यांवरून गटारात जाते आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो. ज्याच्याकडे पैसा, तो आणखी खोल बोअर घेतो. दर जुम्याला मस्जिदीत वुजूला किती पाणी लागते आणि ते कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेवढे पाणी शोषखड्ड्यात सोडायला खड्डा, दगड, विटांचे तुकडे आणि वाळू पुरते.

परतल्यावर नववीच्या मुलींनी आमच्या गल्लीतल्या बोअरची यादी केली: कुणाची किती फूट, कोणत्या साली घेतली, कधी आटली. नव्या बोअर जुन्यांपेक्षा खोल निघाल्या. ती यादी आम्ही मस्जिदीच्या विश्वस्तांकडे दिली आहे. शोषखड्ड्याची जागा वुजूखान्यामागे ठरते आहे. खोदायला कोण येणार, ते या जुम्याला विचारायचे आहे.