हिरवा दिवा

बॅनरवर काय लिहायचं, यावरून आम्ही तिघं दोन रात्री भांडलो. मशीन तयार होतं. म्हणजे जवळजवळ तयार होतं. (हार्डवेअरच्या धंद्यात 'जवळजवळ' हा फार मोठा शब्द आहे. सॉफ्टवेअर असतं तर रात्री एक पॅच टाकून झोपलो असतो.) शेवटी पार्टनरची ओळ जिंकली: 'वाघापासून संपूर्ण सुरक्षा!' खाली आमचा डबा, मागे डरकाळी फोडणारा वाघ. वाघ फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधलाच होता, बहुतेक निवडणुकीतला.

हिंजवडीची नोकरी सोडून मी मूलला परत आलो, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तिकडे काही झालं का?" काहीच झालं नव्हतं. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांत माणसं जीव मुठीत धरून शेतावर जातात, आणि मी पुण्यात बसून कुठल्याशा परदेशी बँकेच्या स्क्रीनवरचं बटण दोन पिक्सेल उजवीकडे सरकवतोय, हे काही केल्या पचत नव्हतं, एवढंच. मग काय, दोन मित्र, एक सोल्डरिंग गन आणि काकांच्या घरामागची खोली. झाली कंपनी!

डब्यात पीआयआर सेन्सर. तुमच्या ऑफिसच्या बाथरूममध्ये पाऊल टाकल्यावर दिवा आपोआप लागतो ना, तो लावणारा हाच. समोरून गरम शरीर हललं की त्याला कळतं. मग भोंगा, लाल फ्लॅश, आणि टॉवर मिळालाच तर मोबाइलवर मेसेज. वर छोटं सोलर पॅनल. आणि समोर काहीच नसेल तेव्हा शांत हिरवा दिवा. ती आयडिया माझी. मला तिचा जाम अभिमान होता.

४ ते ६ मार्च २०२४ या तीन दिवसांत चंद्रपूरच्या वन अकादमीत 'अॅडव्हांटेज चंद्रपूर' भरलं. इंडस्ट्रियल एक्स्पो आणि बिझनेस कॉन्क्लेव्ह. आमचा जिल्हा कोळशाचा, सिमेंटचा, विजेचा. तिकडे हजारो कोटींचे सामंजस्य करार होत होते आणि इकडे आम्ही एक टेबल, तीन डबे आणि घरून आणलेला चिवडा घेऊन बसलो होतो.

पहिल्या तासात डब्याने जीव नकोसा केला. प्रदर्शन म्हटल्यावर समोरून माणसं जाणारच, आणि सेन्सरला प्रत्येक माणूस वाघ! शेजारच्या स्टॉलवाल्याने आधी हसून बघितलं, मग न हसता. शेवटी सेन्सरवर काळी टेप लावून बारीकशी फट ठेवली. त्या फटीसमोर हात हलवला की भोंगा वाजे. डेमो सॉलिड दिसू लागला.

लोक आले. सुटाबुटातल्यांनी विचारलं, "यात एआय आहे का?" कॉलेजच्या पोरांनी फ्लेक्सवरच्या वाघासोबत फोटो काढले. वडसाहून आलेल्या एका काकांनी विचारलं, "हत्तीले चालते का?" प्रश्न गमतीचा नव्हता. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत हत्तींचा कळप उतरला आणि त्यांच्याकडच्या धानाची झोप उडाली. मी म्हटलं, "ट्राय करू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बचत गटाच्या बायकांबरोबर एक मावशी आल्या. पाच मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी हात हलवला, भोंगा वाजला. त्या दचकल्या नाहीत. डब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा दिवा हिरवा कायले?"

"म्हणजे सगळं ठीक आहे, मावशी."

"मंग मी पहाटे मोहं वेचाले गेली, अन् हा हिरवा हाय, म्हंजे वाघ नाही, असं समजाचं का जी?"

दोन दिवसांत शेकडो लोकांनी विचारलं होतं, वाजल्यावर काय होतं. नाही वाजला तर काय समजायचं, हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

आणि उत्तर मला माहीत होतं. आमचा सेन्सर दहा-बारा मीटरपर्यंत बघतो, तेही एकाच दिशेला. मोहाच्या झाडाखाली माणूस वाकून फुलं वेचतो. वाघ मागून आला तर डबा आपला पुढे बघत हिरवाच. शिवाय पीआयआर चालतो तो शरीर आणि आजूबाजूच्या तापमानातल्या फरकावर. आदल्या मे महिन्यात, भर दुपारी, ४५ अंशांत आम्ही समोरून गाय नेली होती, डबा गप्प! ते आम्ही एक्सेलमध्ये 'लिमिटेशन्स' नावाच्या कॉलममध्ये नीट लिहूनही ठेवलं होतं. एक्सेल लॅपटॉपमध्ये होती, फ्लेक्स सहा फुटांचा होता.

"नाही मावशी," मी म्हटलं, "तसं नका समजू."

"मंग हिरवा कायले लावला?" असं म्हणून त्या पुढच्या स्टॉलकडे गेल्या. रागाने नाही हं. बाजारात भाव न पटल्यावर माणूस जातो ना, तशा.

त्या रात्री पुन्हा भांडण. पार्टनरचं म्हणणं, "अरे, सगळेच थोडं वाढवून लिहितात." चूक नव्हतं ते. पण सकाळी तिन्ही डब्यांच्या हिरव्या दिव्यांवर टेप होती आणि 'संपूर्ण सुरक्षा'वर कागद. 'गोठ्यासाठी इशारा भोंगा' असं मार्करने लिहिलेलं. दिसायला एकदम भिकार.

तिसऱ्या दिवशी एक साहेब आले. त्यांना दोनशे नग हवे होते, रानात जाणाऱ्या मजुरांना वाटायला. दोनशे! आम्ही तोवर अकरा विकले होते. अट एकच: वाघ आला तर वाजेलच, असं लेटरहेडवर लिहून द्या. पार्टनरने माझ्याकडे पाहिलं, मी टेपकडे. नाही दिलं लिहून. परतीच्या वाटेवर मूलपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा ते दोनशे डबे आठवले. मग हिरवा दिवा. पार्टनरचा फोन आला, पण त्या विषयावर तो बोलला नाही आणि मीही नाही.

डबे आम्ही आजही विकतो, पण फक्त गोठ्यासाठी. गोठ्याला दार एकच, तिथे दहा मीटर पुरतात, आणि बिबट्या येतो तो बहुतेक रात्री, थंडाव्यात. हिरवा दिवा काढून टाकलाय. मोहाच्या झाडाखाली काय ठेवावं, ते अजून सुचलेलं नाही. दोन डिझाइन फेकून दिली, तिसरं टेबलावर आहे.

फ्लेक्स मात्र कामी आला. पावसाळ्यात काकांच्या गोठ्यावर टाकतो. वाघाची बाजू वर, म्हणजे गाईंना दिसत नाही.