हाताचा हिशोब

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्याकडून एखाद्या लेण्याविषयी किंवा परिषदेविषयी लिखाण अपेक्षित असावे. परंतु मला इतिहासाचा एक धडा वसतिगृहातल्या आठवीच्या मुलीने कानातल्यांच्या निमित्ताने दिला. तो येथे नोंदवून ठेवणे मला अधिक अगत्याचे वाटते.

दिवाळीच्या सुटीत ती मुंबईला घरी गेली होती. परत आली ती रंगीत वड्यांचा एक डबा घेऊन. संध्याकाळच्या अभ्यासिकेत ती बाकाखाली मणी वळताना मला दिसली आणि मी रागावलो. "हे करायला शाळेत आलीस का?" असे मी सर्वांसमोर विचारले. ज्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या जन्माने ठरवून दिलेलीच कामे करावी लागली, त्यांच्या मुलांच्या हाती पुस्तकच असावे, असे मला मनापासून वाटे. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, अभ्यास झालाय. आणि हे मला कोणी करायला लावलेलं नाही."

ते उत्तर रात्रभर मनात राहिले. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. हे मी वर्गात शिकवीत आलो होतो. त्यांचा रोष हाताच्या कामावर नव्हता. ते काम निवडण्याचा हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेवर होता. माझी मात्र गल्लत झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला डबा परत दिला आणि काम दाखवायला सांगितले.

त्या वड्यांना पॉलिमर क्ले म्हणतात. नावात क्ले असली तरी ती माती नव्हे. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारे द्रव्य आणि रंग यांचे ते मिश्रण. ते हवेने वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत अर्धा तास ठेवले की घट्ट होते. बाहुल्या घडविणाऱ्या जर्मनीतील केटे क्रूझ यांच्या कन्येने असेच एक मिश्रण घडवले. १९६४ साली ते एका पेन्सिल कंपनीकडे गेले आणि पुढे 'फिमो' या नावाने जगभर पसरले.

कार्यानुभवाच्या खोलीतला जुना ओव्हन आम्ही या कामासाठी वेगळा काढला; त्यात पुन्हा खाद्यपदार्थ ठेवायचा नाही, असा नियम केला. वडी मऊ होईपर्यंत मळायची, रंगांच्या पट्ट्या एकत्र वळून दांडी करायची, पात्याने तिचे काप काढायचे. प्रत्येक कापावर तेच फूल उमटते. पांढऱ्या रंगावर धुळीचा कण बसला तरी दिसतो, म्हणून हात पुनःपुन्हा धुवावे लागतात. छोट्या मूर्तींच्या आत चांदीच्या रंगाच्या कागदाचा गोळा घालायचा, म्हणजे वजन कमी होते आणि भाजताना तडे जात नाहीत. एकदा ओव्हनचा काटा चुकला, सहा जोड करपले आणि खोलीभर उग्र धूर झाला. तो धूर घातक असतो. खिडक्या उघडून आम्ही सर्व बाहेर आलो. त्यानंतर ओव्हनमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवला.

१४ एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात तिने टेबल मांडले. पन्नास रुपयांना एक जोड. चाळीसच्या चाळीस जोड संपले. दोन हजार रुपये मुठीत धरून ती धावत आली. मी म्हटले, "वही आण."

आम्ही हिशोब मांडला. एका जोडाला क्ले तीस रुपयांची, आकडे व कड्या सहा, पुठ्ठा व पिशवी चार, वीज व पॉलिश कागद पाच, एकूण पंचेचाळीस. चाळीस जोडांचे अठराशे. उरले दोनशे. करपलेल्या सहा जोडांच्या क्लेचे एकशे ऐंशी तिने धरलेच नव्हते. उरले वीस. आणि एका जोडाला पाऊण तास, म्हणजे चाळीस जोडांना तीस तास. तीस तासांचे वीस रुपये!

"म्हणजे मी फुकट राबले," ती म्हणाली.

मी तिला माझ्या आजोबांविषयी सांगितले. गावकीची कामे ते दिवसरात्र करीत. मोबदला म्हणून खळ्यावर जे मिळे, ते देणाऱ्याच्या मर्जीचे. कामाचे तास मोजण्याचा अधिकार त्यांना नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यामागे हाच प्रश्न होता. मला वाटले, मी तिला इतिहास समजावून दिला. तेवढ्यात तिने विचारले, "सर, माझी आई घरी बसून माळा ओवते. डझनावर पैसे मिळतात. तिचे तास कोण मोजतं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी विधेयकाचे वर्ष सांगितले होते; तिने आजचा दिवस दाखवला.

पुढे आम्ही किंमत नव्याने ठरवली. तासाचे साठ रुपये धरले, म्हणजे जोडामागे मजुरी पंचेचाळीस. खर्च आणि मजुरी मिळून नव्वद. नासधूस आणि पुढील सामानासाठी तीस. किंमत एकशे वीस. पूर्वीच्या पुठ्ठ्यावर तिने हौसेने 'शुद्ध मातीचे दागिने' असे लिहिले होते. सम्यक आजीविकेत ग्राहकाला खरे सांगणे येते, हे तिला पटले. नव्या पुठ्ठ्यावर 'पॉलिमर क्ले, हाताने घडवलेले' असे लिहिले.

१४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, अठराच जोड गेले. आपल्यातलेच एक सुस्थितीतले गृहस्थ म्हणाले, "आपलीच मुलगी आहेस, पन्नासला दे." ती नम्रपणे म्हणाली, "काका, आपलीच आहे म्हणूनच पूर्ण द्या." त्यांनी घेतले नाही. तिला वाईट वाटले, पण वही उघडल्यावर सावरली. अठरा जोडांत खर्च वजा जाता साडेतेराशे रुपये उरले होते.

त्या हिवाळ्यात सहल कान्हेरीला गेली. सोपाऱ्याच्या मणिकाराने आणि कल्याणच्या सोनाराने दिलेल्या दानांचे लेख तेथे आहेत, हे मी मुलांना सांगितले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यातील लेखात उषवदाताने तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे नमूद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण व्याज. भिक्खुसंघाची ठेव ज्यांच्याकडे विश्वासाने ठेवली जाई, ते हातांनी काम करणारे लोक होते. तेव्हा ती मुलगी शेजारणीला म्हणाली, "मणी करणारा दान देत होता, म्हणजे त्याच्याकडे उरत होतं." इतकी वर्षे हे लेख शिकवूनही इतक्या साध्या शब्दांत मला ते सांगता आले नव्हते.

आता ती दहावीत आहे. अभ्यासाचे तास आधी, क्लेचे नंतर, हा तिचा स्वतःचा नियम आहे. सुटीत तिने एक मूर्ती घडवली: मांडी घालून माळ ओवणारी स्त्री, मुठीएवढी. मी किंमत विचारली. "विकायची नाही, आईला द्यायची आहे," असे म्हणून तिने मूर्ती उलटी करून दाखवली. तळाशी 'अकरा तास' असे कोरले होते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. जयंतीच्या आवारात आपली मुले काही घडवून विकायला बसलेली दिसली, तर घासाघीस करण्यापूर्वी त्यांना विचारा, याला किती वेळ लागला? मुलांना उत्तर देता आले, तर पूर्ण किंमत द्या. उत्तर देता आले नाही, तर शेजारी बसा आणि वही उघडा.